गेनभाऊला निकाल सांगायचा राहिला होता

मढचे तात्या, गुडघा कसा आहे? नारायणगावच्या सुमनताई, शुगर आटोक्यात आहे ना? राजू, पाठीचा पट्टा सुटला का रे? मंचरचे अण्णा, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता नीट दिसतंय?

सगळे धड असा.

गेनभाऊ गेला.

आज दहावा झाला. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. दुकानाचं शटर वर करतो, परत खाली ओढतो. मग कुणाला तरी फोन लावून तब्येत विचारत सुटतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजुरीचा गेनभाऊ म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतींचा आवाज. माईकवर तो, अन् माईक माझा. माझं जुन्नरात साउंडचं दुकान. उभी हयात आम्ही जत्रांमधून जोडीनं काढली.

मधे काही वर्षं शर्यती बंद होत्या. माणसाचा घसा गंजायला लागला. माझ्या दुकानात येऊन टीव्हीचे चॅनेल बदलत बसायचा.

एक दिवस मोटारींची रॅली लागली. परदेशातली. डोंगरातला रस्ता, एकेक गाडी सुटतेय, घड्याळ चालू.

"आरं, हे तर आपलंच हाये," गेनभाऊ म्हणाला. "एकट्यानं आपली बारी पळायची अन् सेकंदाशी भांडायचं."

ड्रायव्हरच्या शेजारी एक जण बसून पुढचं वळण वाचून सांगतो, ते तर त्याला लईच आवडलं.

"आपल्याकडं बैलांच्या म्होरं घोडी पळती. ह्यांनी घोडी आत बसवलीय."

तेव्हापासून टीव्हीचा आवाज बंद अन् गेनभाऊ चालू. माणसं जमायची. परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून गाडीच्या रंगावरून नावं पडली. निळा आपला. पांढरा समोरचा.

शर्यती परत सुरू झाल्या, तरी ही सवय काही सुटली नाही.

यंदा जगाचा चॅम्पियन शेवटच्या रॅलीत ठरणार होता. जपानला. सगळी डांबरावर. निळ्या-पांढऱ्यात जो पुढे राहील तो, गेनभाऊच्या शर्यतीतल्या भाषेत, घाटाचा राजा.

"डांबरावर चूक लपत न्हाई राव," तो सांगायचा. "मातीत घसरला तर मातीला बोल लावता येतो."

रविवारची सकाळ. एकच स्टेज, म्हणजे शेवटचा टप्पा बाकी. निळा जरासा पुढे. मधे थोडा वेळ होता म्हणून दगडू चहावाल्याला हाक मारली.

"घसा वला करून घेतो," गेनभाऊ म्हणाला. "शेवटच्याला लागंल."

कप हातात घेतला, दुसरा हात छातीवर ठेवला. खुर्चीत टेकला तो टेकलाच. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

टीव्ही कुणी बंद केला, मला आठवत नाही.

निकाल मी बघितला नाही. दगडूनंही नाही. फोन हातात घ्यायचो अन् ठेवून द्यायचो. त्याच्या आधी आपण कसं बघायचं?

आज नदीकाठी दशक्रिया. साउंड माझाच. पुढाऱ्यांची भाषणं झाली, पिंड मांडला, शेजारी त्याच्या आवडीची भजी.

कावळा समोर बाभळीवर. शिवेना.

गेनभाऊचा मुलगा संतोष हात जोडून म्हणाला, "दादा, बैलं इकणार न्हाई."

कावळा ढिम्म.

गेनभाऊचा चुलतभाऊ पुढे झाला. "बांधाचं भांडण मिटवतो."

"ते जित्तेपणी मिटवायचं व्हतं," मागून कुणीतरी बोललं.

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा गेनभाऊच्या मंडळी, कौसावहिनी, माझ्याकडे वळल्या.

"भावजी, त्यो मोटारीचा निकाल सांगा त्यास्नी. त्यातच जीव अडकलाय."

संतोषनं फोनवर काढून दिलं. वाचलं.

निळा हरला होता. शेवटच्या स्टेजमधेच. ओल्या पानांवर चाक निसटलं, गाडी कठड्याला घासली. पांढरा चॅम्पियन.

दगडू कानाशी लागला. "जिंकला म्हण. जपानला कोण चाललंय इचारायला?"

खरं सांगतो, मला पटत होतं. दोन शब्द खोटे, कावळा येईल, वहिनी मोकळ्या होतील.

पण वहिनींनी ऐकलं.

"खरं हाये ते सांगा. माझ्या सख्ख्या भावाचा गाडा मागं राहिला, तवा भर जत्रेत ह्यांनीच माईकवर सेकंद सांगितलं. महिनाभर बोलले न्हाई मी. अन् ह्या जपानवाल्याला सूट व्हय?"

जन्मभर माईक दुसऱ्याच्या हातात दिला. आज पहिल्यांदा स्वतः धरला.

"झाली... निळ्याची बारी झाली. गेनभाऊ, आपला निळा हरला. पानावर चाक सुटलं. पांढरा घाटाचा राजा."



कावळा आला नाही.

गुरुजींनी परत दर्भ उचलला.

"थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. "आपला हरला की त्यास्नी पचवायला येळ लागतो. त्या दिवशी जेवायचं पण न्हाईत लवकर."

थांबलो. गाडीत बसलेले पुढारीसुद्धा परत खाली उतरले.

मग आला. एक फेरी मारली, खाली उतरला, अन् भात सोडून आधी भज्याला शिवला.

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. हसत होत्या का रडत होत्या, कळलं नाही.

गेनभाऊ, जसं झालं तसं सांगितलं बाबा तुला. आता निवांत जा. तुझ्या साउंडवाल्याचा रामराम.

माझं मात्र अजून चित्त थाऱ्यावर नाही. आताही हे उभ्यानंच लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी दोन-दोन ओळी टाका. नुसतं 'बरं आहे' म्हणून टाळू नका, तब्येतीचं खरं काय ते कळवा.

अन् लवकर कळवा.