ब्रेक वाजायचा थांबला

जुनी सात सीटर घेतल्यापासून ब्रेक दाबला की चाकं करकरायची. आयुष्यभर बैलगाडी हाकलेले माझे वडील मागच्या सीटवर वैतागायचे.

त्या दिवशी शेवगावला लग्नाला निघालो. अंगणातून गाडी काढताना ब्रेक वाजलाच नाही. म्हटलं, गेली एकदाची कटकट. रस्ता मोकळाच होता. करंजीचा घाट उतरताना मात्र पुढे उसाचा ट्रॅक्टर आला. मी ब्रेक दाबला. गाडी सरकतच राहिली. दोन्ही पायांनी दाबला, हँडब्रेक ओढला. बायकोनं पोरीला छातीशी आवळलं. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं काचेला घासली, तेव्हा कुठे गाडी थांबली.

मागून वडील खुशीत म्हणाले, "बघ, वाजतंय का आता? सकाळीच चारी चाकांत वंगण सोडलं म्या."