कोरी बाजू

दिवाळी झाली की माझे दीर आणि थोरल्या जाऊबाई ऊसतोडीला जायचे. आमच्या यांना जिंतूरच्या शाळेत शिपायाची नोकरी, म्हणून आमी मागं. त्या साली जाऊबाईंनी चार वर्षांची लेक माझ्याजवळ ठेवली. पोरगी मायबिगर घास खाईना. म्हणून जायच्या आधी माझ्या माहेरनं आलेल्या टेपसमोर बसून त्यांनी कॅसेटची एक बाजू भरली. एक घास चिऊचा, एक घास काऊचा, मधीच बांगड्या वाजायच्या. कुणी चुकून पुसू नये म्हणून यांनी त्या बाजूची मागची प्लॅस्टिकची खुट्टी मोडून टाकली. खुट्टी मोडली की रेकॉर्डचं बटन दबत न्हाई. पोरगी ते ऐकत मुकाट जेवायची.

मग माझा भाऊ परभणीहून आला, कमरेला वॉकमन लावून. त्यातली गाणी ऐकून मला राहवेना. वायर त्याच्यापाशी होतीच. एक टोक वॉकमनमध्ये, दुसरं आमच्या टेपच्या मागं खुपसलं. कोरी कॅसेट घरात नव्हती. म्हटलं, जाऊबाईंच्या कॅसेटची दुसरी बाजू रिकामीच तर हाय, वाया कशाला घालवायची? तर बटन दबेना. भावाची एसटी तासाभरात, आणि माझं डोकं आधीच गरम. का दबत न्हाई ते बघावं की न्हाई बाईनं? मी कागदाची घडी करून कॅसेटच्या मागं मोडलेल्या खुट्टीच्या भोकात कोंबली आणि बटन दाबलं. गाणी झकास उतरली.

संध्याकाळी पोरीचं ताट वाढून टेप लावला, तर गाणं लागलं. कॅसेट पलटली, तर नुसती खरखर. घाईत मी बाजूच चुकले होते.

"काकू, माय लाव ना," पोरगी म्हणायली.

मी तिच्यावर खेकसले, टेप बिघडलाय म्हणाले. चूक माझी आणि राग लेकरावर! दोन दिवस तिनं ताटाला हात लावला न्हाई. मग हळूहळू जेवायला लागली आणि माय मागायचीच बंद झाली. ते मला लय लागलं.

उन्हाळ्यात जाऊबाई परत आल्या. पोरगी माझ्या पदराआड दडली. जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं.

"रोज ऐकवत होतीस न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. जीभ झडली न्हाई माझी. पोरगी माझ्या तोंडाकडं बघायली होती.

"मग माझ्या आवाजालाच कंटाळली असंल," जाऊबाई म्हणाल्या, आणि बोचकं सोडायला बसल्या.

पुढल्या दिवाळीनंतर मी आपणहून टेप त्यांच्यासमोर ठेवला, नवी कॅसेटही आणली होती. खरं सांगायचं तोंडाशी आलं होतं, पण न्हाई सांगितलं. त्यांनी टेप बाजूला सारला. "राहू दे. तुझ्या हातनं जेवती की ती," म्हणाल्या, आणि आवाज न भरताच ट्रकमध्ये चढल्या.