आखणी

गणपतीचा पाट द्यायला जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गेलो. ओल्या रंगाचा वास आला आणि कॉलेजातला मित्र मंगेश आठवला. कारखाना त्याच्या घरचाच. इथेच, मूर्तींमागच्या कॉम्प्युटरवर त्याने मला बंदुकीच्या एका जुन्या गेममध्ये बदल करून स्वतः बनवलेला मॉड दाखवला होता.

"घरी टाकून बघ. असा दुसरा नाय मिळायचा."

त्यातल्या शत्रूंना डोळेच नव्हते. का, म्हणून विचारलं, तेव्हा तो ब्रश घेऊन पुन्हा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायला बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आखणी झाली की जीव येतो रे. मग गोळी कशी घालणार?"

मला तेव्हा हसू आलं होतं.

गेल्या वर्षी मंगेश वारला. "आखणीला माणूस मिळत नाय," माझ्या हातातला पाट घेत त्याचे वडील म्हणाले. त्यांच्यामागे रंगवलेले गणपती रांगेत बसले होते. एकालाही डोळे नव्हते.