डोंगराचा दगड

दहिवडीच्या तहसील कचेरीत माझ्या पुढे एक मेंढपाळ आजोबा होते. देवळात यावं तसे चपला दाराबाहेर काढून आलेले.

"भाऊसाहेब, आमच्या गायरानातला डोंगर फोडत्यात. खाणीची परवानगी कुणाला दिलीया?"

"कुठला डोंगर?" कारकुनाने मोबाईलमधून मान वर न काढता विचारलं.

आजोबांनी पिशवीतून दगड काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि टेबलावर ठेवला. "ह्यो."

मला हसू आवरेना.

कारकून म्हणाला, "बाबा, ती माहिती ऑनलाइन असते. सर्व्हर डाऊन आहे. पुढच्या महिन्यात या."

तेवढ्यात लाइट आली, पंखा फिरला, कागद उडू लागले. कारकुनाने घाईने तोच दगड कागदांवर ठेवला.

आजोबा निघता निघता थांबले. "भाऊसाहेब, दगड तेवढा नीट सांभाळा. सर्व्हर चालू होईस्तवर डोंगराचा तेवढाच उरंल."