ब्रेक ‘नॉर्मल’ आहे, असं लिहून दे

मंडळी, पहिली गंभीर तक्रार चहाची. परळच्या त्या गाड्यांच्या शोरूममध्ये मशीनचा चहा देतात. तो प्यायल्यावर माणसात भांडायचं त्राण उरत नाही.

तरी आज चौथ्यांदा गेलो. आमच्या नव्या गाडीचा ब्रेक कधीकधी पहिल्या दाबाला लागतच नाही.

सर्व्हिसवाला म्हणाला, “काका, होतं असं. नॉर्मल आहे.”

मी म्हटलं, “अपवाद व्याकरणात चालतात रे, ब्रेकमध्ये नाही. नॉर्मल आहे असं लिही आणि खाली सही कर.”

त्याने पेन काही उचललं नाही. मग मॅनेजर आले, गाडी ठेवून घेतली, तक्रारीची पोच दिली. नाहीच जमलं, तर ग्राहक मंचात जाणार.

तुम्ही कधी असं लिहून मागितलंय का?

खरं सांगतो, गाडी मुलगी चालवते. ब्रेक दोनदा दाबायची तिला आता सवय झालीय. मला त्या सवयीची भीती वाटते.