न दिलेली परवानगी

थेल्मा जिंजेल ही स्वभावानं गरीब बाई. एकतीस वर्षं तिनं गावच्या प्राथमिक शाळेत मुलांना जेवण वाढलं, आणि एवढ्या काळात कुणाच्या ताटात उकडलेला कोबी थोडा जास्त पडला असेल, तेवढाच काय तो तिच्या हातून झालेला अन्याय. तरी इंग्लंडातल्या विल्टशरच्या त्या टेकडीवर एक माणूस असा होता, की ज्याच्याशी ती दर गुरुवारी न चुकता उद्धटपणे वागत आली होती. वीस वर्षं. नेमकं सांगायचं तर वीस वर्षांना दोन आठवडे कमी.

त्या माणसाचं नाव रोलंड मॅसलन. तो मेंढ्या पाळायचा. त्याच्या कुरणांमधून सव्वा मैलाची एक चुनखडीची वाट जात होती. पाऊस पडून गेला की ती दुधासारखी दिसायची, आणि चकमकीचे दगड तिच्यातून वर यायचे, टायर फाडायला. तिच्या दोन्ही टोकांना सार्वजनिक वाटा होत्या. मधला हा तुकडा मात्र मॅसलनचा. तो टाळायचा म्हणजे हमरस्त्यावरून दोन मैल, खाणीच्या ट्रकांना खेटून. त्याच हमरस्त्यावर एका ट्रकच्या आरशानं थेल्माबरोबर दर गुरुवारी सायकलवर निघणाऱ्या ईनिड बाथला उडवलं होतं. ईनिड वाचली. तिची सायकल अजून तिच्या गॅरेजात टांगलेली आहे, टायरमध्ये हवा भरून. ती बाहेर काही कधी निघाली नाही. ईनिड पडली त्याच्या पुढच्याच गुरुवारी, बारा जूनला, थेल्मा पहिल्यांदा मॅसलनच्या वाटेला वळली. मागोमाग गुरुवारची सगळी मंडळी वळली. दहाबारा जण, बहुतेक निवृत्त, सगळे गुडघ्यांची तक्रार करणारे.

कायदा आयव्हरला माहीत होता. त्यांच्यातलाच हा आयव्हर ट्रॉट एका वकिलाकडे कारकून होता आणि सायकलवरसुद्धा टाय लावायचा.

"लोक एखाद्या वाटेनं वीस वर्षं उघडपणे, दांडगाई न करता, न विचारता गेले, की वाट लोकांची होते," त्यानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. "पण मालकानं मधे एकदा जरी 'या की' म्हटलं, तर संपलं. ती त्याची मेहेरबानी झाली. मेहेरबानीवर हक्क सांगता येत नाही."

"आणि 'चालते व्हा' म्हटलं तर?" थेल्मानं विचारलं.

"तरी संपलं."

"मग त्यानं करायचं तरी काय?"

"काही नाही. आणि त्याला काही करू द्यायचं नाही, हे आपलं काम."

ते काम थेल्मानं मन लावून केलं. मॅसलन कुरणात दिसला की ती आभाळाकडे बघायची. तो फाटकाशी उभा असला तर बुटाची नाडी बांधायला वाकायची. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या. एका नाताळात तो हातात अंड्यांचा ट्रे घेऊन वाटेवर थांबला होता. ती शिंका देत देत त्याच्या अंगावरून निघून गेली. त्याची बायको वारली तेव्हा थेल्मानं शोकपत्र पाठवलं, सही न करता. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, पण हे तिनं आयव्हरला सांगितलं नाही.

पुढे जाड टायरच्या सायकली घेऊन तरुण मुलं येऊ लागली. अशा खडीच्या वाटांवरून जाण्याला ती ग्रॅव्हल म्हणायची आणि त्यासाठी वेगळ्या चड्ड्या घालायची. थेल्मा याच गोष्टीला आजवर गुरुवार म्हणत आली होती.

विसाव्या वर्षी वसंतात मॅसलनच्या फाटकावर पाटी लागली : शेत विकणे आहे. नवा मालक पहिल्याच दिवशी कुलूप लावणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. वाट लोकांची म्हणून नोंदवावी, यासाठी काउन्सिलला द्यायचे अर्ज आयव्हरनं सगळ्यांकडून भरून घेतले. त्यात एक प्रश्न होता : 'आपणास कोणी परवानगी दिली होती काय?' बारा जणांनी 'नाही' लिहिलं. तारखेचा रकाना तेवढा कोरा ठेवला, कारण वीस वर्षं बारा जूनला पुरी व्हायची होती.

मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी थेल्मा पुढे निघाली होती. आयव्हर मागे चढणीवर धापा टाकत होता. कुंपणांवर हॉथॉर्न पांढराशुभ्र फुलला होता, वर कुठेतरी चंडोल न थांबता गात होता. आणि डाव्या कुरणात एक मेंढी पाठीवर पडली होती, चारी पाय आभाळाकडे. लोकर कातरायची राहिली होती. तिच्या ओझ्यानं मेंढी एकदा उताणी झाली, की आपलीआपण उठू शकत नाही. पोट फुगत जातं आणि काही तासांत ती मरते. एक कावळा शेजारी बसून वाट बघत होता. त्याला घाई नव्हती.

थेल्मा थांबली. वाट सोडून कुरणात शिरायचं म्हणजे घुसखोरी. आणि खालून मॅसलनची गाडी वर येत होती. मेंढी उठवली तर तो आभार मानणार. आभार मानताना माणूस काय काय बोलून जातो, याचा नेम नसतो.

तिनं मेंढीकडे पाहिलं. मेंढीनं तिच्याकडे पाहिलं, उलटं.

"मर मेली," थेल्मा म्हणाली, आणि सायकल टाकून फाटकातून आत धावली.

दोन्ही हात लोकरीत खुपसून तिनं मेंढीला कुशीवर लोटलं. उठून उभी राहिली तशी ती झोकांड्या खाऊ लागली. आता सोडली तर पुन्हा पडणार, म्हणून थेल्मानं तिला गुडघ्यांत धरून ठेवलं. मॅसलन गाडीतून उतरला तेव्हा त्या दोघी अशा उभ्या होत्या. पळता येण्यासारखं नव्हतं.

त्यानं टोपी काढली. "मिसेस जिंजेल—"

"हवा छान पडलीय!" थेल्मा ओरडली.

"हो. मी म्हणत होतो, तुम्ही आता पुढं जाणार असाल तर—"

"मला कमी ऐकू येतं!" शाळेत शेवटच्या टेबलावरची कुजबूजही तिला ऐकू यायची.

"वीस वर्षांत एवढं एकच वाक्य बोलतोय, ते तरी ऐका. तुमच्या त्या—"

तेवढ्यात आयव्हर माथ्यावर आला. मॅसलन, टोपी, थेल्मा, मेंढी, सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं आणि भर उन्हात खड्या आवाजात चर्चमधलं भजन सुरू केलं. आयव्हर कधी चर्चमध्ये गेला नव्हता. त्याला पहिलीच ओळ येत होती. तीच त्यानं चार वेळा म्हटली.

मॅसलननं दोघांकडे पाहिलं. मेंढीनं थेल्माच्या बुटावर लेंड्या टाकल्या आणि आपल्या पायांनी चालती झाली. मॅसलननं टोपी घातली.

"फाटक लावा," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

थेल्मानं फाटक लावलं, सायकल उचलली आणि त्याच्यादेखत ऐटीत निघाली. दहा पावलांवर कळलं, मागच्या टायरमधली हवा गेलीय. तरी वळण येईपर्यंत ती उतरली नाही. वळणाआड आयव्हरनं ट्यूब बदलली आणि दोघं थर्मासमधला चहा प्यायला बसली.

"'फाटक लावा' ही परवानगी होते का रे?"

"'लावा' म्हणजे तू जाणार हे त्याला मान्य आहे," आयव्हर गंभीर झाला. "उलट बाजूनं, फाटक कशासाठी लावतात? लोकांनी येऊ नये म्हणून."

"मी आतच होते की."

"तेच अवघड आहे."

बारा जून उलटला. तेरा तारखेला आयव्हरनं अर्ज काउन्सिलच्या कचेरीत दिले. पोच घेताना त्यानं टाय नीट केला.

आता सगळं एका माणसाच्या शब्दावर होतं. काउन्सिल मालकाला विचारणार होती : 'या लोकांना आपण कधी परवानगी दिली होती का?' 'हो, मीच येऊ देत होतो,' एवढं मॅसलननं लिहिलं, की वीस वर्षं पाण्यात. आणि शेत विकणाऱ्यानं ते का लिहू नये? लोकांची वाट नसलेल्या जमिनीला भाव चांगला येतो. वर ती बाई त्याच्याशी कशी वागली होती, ते साऱ्या गावाला माहीत होतं. थेल्मानं ते उन्हाळाभर मनात घोळवलं. अंड्यांचा तो ट्रे तिला पुन्हा पुन्हा दिसायचा. वरची दोन अंडी तपकिरी होती.

ऑगस्टमध्ये मालकाच्या जबाबाची प्रत आली. आयव्हरनं ती वाचली आणि थेल्माच्या हातात दिली. अक्षर जाड, पेन्सिलीचं.

'ही माणसं वीस वर्षांपूर्वीच्या बारा जूनपासून दर गुरुवारी जातात. मी मोजले आहेत, आजारपणं आणि बर्फ सोडून. परवानगी दिली नाही. मनाईही केली नाही. त्या बाईशी एकदाच बोललो, फाटकाबद्दल. तिच्या मागच्या चाकात हवा नव्हती, ते सांगणार होतो. तिनं सांगू दिलं नाही. माझ्या बायकोला खिडकीतून त्या सायकली बघायला आवडायचं. याचा वाटेशी संबंध नाही. रो. मॅसलन.'

थेल्मानं कागद दोनदा वाचला. मग घडी घालून परत दिला.

"चांगला साक्षीदार आहे," आयव्हर म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

काउन्सिलनं निकाल द्यायला अडीच वर्षं घेतली. मधल्या काळात नव्या मालकानं कुलूप लावलं, आणि निकाल लागल्यावर ते त्यालाच काढावं लागलं. कुलूप निघालं त्या गुरुवारी थेल्मा वर पोचली, तेव्हा फाटकाशी एक म्हातारा काठी टेकून उभा होता. मॅसलन आता गावात, दुकानामागच्या छोट्या घरात राहायचा. तिला बघून त्यानं फाटक उघडलं आणि धरून ठेवलं.

"या," तो म्हणाला. "कधीही या. मनात येईल तेव्हा या."

थेल्मा सवयीनं बुटाकडे वाकणार होती. मग सरळ झाली आणि सायकलवरून उतरली.

"तुम्ही कोण सांगणार?" ती म्हणाली. "शेत तर विकलंत."

"म्हणून तर सांगतोय."

तिनं मागच्या पिशवीतून अर्धा लार्डी केक, चरबी घालून भाजलेला गोड पाव, काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला आणि आधी तिच्या मागच्या चाकाकडे पाहिलं, मग अंगठ्यानं टायर दाबून बघितला.

"ठीक आहे," तो म्हणाला.

दोघं वाटेला लागली. ती सायकल हातात धरून चालत होती, कारण तो हळू चालायचा. थोडं पुढे गेल्यावर मॅसलन थांबला आणि मागे वळून बघू लागला.

"फाटक," तो म्हणाला.

थेल्मा परत गेली आणि फाटक लावून आली.