कणगीवरचे दाढीवाले

त्या प्रकरणाला पन्नास वर्षं होत आली, पण तो बोटभर लांबीचा काळा दगड मला अजून लख्ख आठवतो. मी तेव्हा वडूजला फौजदार होतो. साताऱ्यात एका जहागीरदारांच्या बंगल्यातून चार महिन्यांपूर्वी जुन्या वस्तू चोरीला गेल्या होत्या. फिर्यादीच्या यादीत ‘इराणकडील कोरीव दगड, एक’ एवढीच नोंद होती.

सांगलीचा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी स्वतःहून ठाण्यात आला. खटाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे तसा दगड असल्याची खबर त्याने दिली. “माझं नाव कुठं येऊ देऊ नका,” म्हणाला. झडतीत देवघरातच दगड मिळाला. लाटण्यासारखा गोल, आरपार भोक पाडलेला, अंगावर दाढीवाली माणसं आणि पंखांचे बैल कोरलेले. पंचनामा केला, शेतकऱ्याला अटक केली, कोर्टाकडून रिमांड घेतला.

पन्नाशीचा माणूस. खाली मान घालून एकच सांगायचा, “घरातला हाय, सायब.” घरात कुठून आला विचारलं की गप्प. खरा माणूस गप्प कशाला बसेल, असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी त्याची म्हातारी आई ठाण्यात आली.

“त्यो न्हाई बोलायचा. बापाला चोर म्हणतील म्हणून भ्यातोय. ह्येचा बाप पयल्या लढाईत बसऱ्याकडं हुता. तितं खंदक खणताना घावला त्यो.”

“पुरावा काय, आजी?”

“आवं, कणगी बघा की. दरसाली सुगी झाली की लिंपते आन् वल्या मातीवर ह्यो फिरवते. धान्याला कुणी हात लावला तर कळतंय.”

मला ते पटलं नाही. तरी दोन पंच घेऊन गेलो. कणगीच्या तोंडाजवळ तीच दाढीवाली माणसं उमटलेली होती. सुरीने पोपडा काढला, खाली पुन्हा तीच. सहा थर मोजले. चार महिन्यांपूर्वीच्या चोरीतला माल वर्षानुवर्षांच्या लिंपणाखाली कसा उमटणार?

“हा दगड आणखी कुणी पाहिला होता?” मी विचारलं.

“सांगलीचा वेपारी दोनदा मागाय आलता. दिला न्हाई.”

त्याच दिवशी सांगली पोलिसांशी बोललो. व्यापाऱ्याच्या माधवनगरच्या गोदामात जहागीरदारांचा सगळा माल निघाला. भालेकरी कोरलेला इराणी दगडही त्यातच होता. आमचा तपास भलतीकडे वळवायला त्याने शेतकऱ्याचं नाव पुढे केलं होतं.

काळा दगड जाणकारांना दाखवला. तो प्राचीन इराकमधल्या असीरियन लोकांचा शिक्का निघाला. हजारो वर्षांपूर्वी ते लोक तो ओल्या मातीवर फिरवून कोठारं बंद करत. हे मी म्हातारीला सांगितलं तर म्हणाली, “मग दुसरं काय करायचं त्येचं?”

कोर्टात अहवाल देऊन शेतकऱ्याला सोडवलं, रीतसर नोंद करून दगड परत दिला. शेतकरी ठाण्याच्या पायरीवरून हलेना.

“सायब, भर बाजारातनं बेडी घालून आणलंसा. आता घरी सोडाय बी तुमीच या.”

आरोपीच्या गप्प बसण्याचा मी दोन दिवस कीस काढला होता. खबर देणाऱ्याला ती कशी कळली, हे एकदाही विचारलं नव्हतं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी तो प्रश्न आधी विचारला.

त्या दिवशी मात्र टोपी नीट केली आणि त्याच्याबरोबर बाजारातून चालत निघालो. कुणी काही विचारलं नाही. मीच जागोजागी थांबून सांगत गेलो, की याची काही चूक नव्हती, चूक माझी होती.